ही कितवी खेप?

लग्नाच्या बायोडाटात हल्ली रक्तगटही छापतात. त्यापायी आमच्या रक्तपेढीत फोन येतात : "दोघांचाही बी पॉझिटिव्ह आहे, चालेल ना?" खुशाल चालेल. प्रश्न येतो तो मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असला तर. त्यावरही इंजेक्शन आहे, स्थळ मोडायचं कारण नाही.

बाळानं बापाचा 'डी' प्रतिजन (रक्त आरएच पॉझिटिव्ह ठरवणारा) घेतला आणि बाळंतपणात, वार सुटताना, त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, की तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागतं. तोवर पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं, म्हणून ते सहसा सुटतं. पुढच्या खेपेला तीच प्रतिपिंडं वारेतून आत जातात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. पोटात असताना रक्तक्षय, फार झालं तर अंगभर सूज. जन्मल्यावर पहिल्याच दिवशी कावीळ चढते, कारण इतके दिवस बिलिरुबिन बाहेर काढणारी वार आता नसते. ते मेंदूत उतरलं तर बहिरेपणा किंवा सेरेब्रल पाल्सी मागे राहते.

प्रकाशोपचारानं भागलं नाही तर रक्तबदल. नाळेतल्या शिरेत नळी घालायची, साधारण १० मिली काढायचं, तितकंच ओ निगेटिव्ह आत सोडायचं. सिस्टर कागदावर रेघा ओढत मोठ्यानं मोजतात : बाहेर, आत, बाहेर, आत. बाळाच्या अंगातल्या रक्ताच्या दुप्पट रक्त जाईतो दोन तास सहज जातात.

हे सारं टाळणारी कल्पना निसर्गातच होती. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचं असलं, तर आईत शिरलेल्या पेशी तिथेच नष्ट होतात आणि 'डी'विरुद्ध प्रतिपिंडं क्वचितच बनतात. मग तयार अँटी-डी प्रतिपिंडं टोचून हेच का करू नये, असं लिव्हरपूलच्या सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन यांना वाटलं. न्यूयॉर्कमध्येही फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक त्याच मागावर होते. १९६८ साली अमेरिकेत इंजेक्शन बाजारात आलं. गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यात एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत दुसरं. ते माणसांच्याच प्लाझ्मापासून बनतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी तो १,१७३ वेळा दिला.

एकदा प्रतिपिंडं बनली की मात्र या इंजेक्शनचा उपयोग शून्य. आणि आमची फसगत इथेच होते. केसपेपरवर 'पहिलटकरीण' लिहिलेलं असतं, आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडं शोधणारी कूम्ब्स टेस्ट मात्र पॉझिटिव्ह. सासूबाईंना बाहेर बसवून पुन्हा विचारलं की कळतं, लग्नाआधी किंवा नंतर एकदा गर्भपात झालाय. बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला इंजेक्शन हवंच का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्यापुढच्याला हवंच. रक्तस्राव झाला, पोटाला मार लागला, गर्भ नलिकेत राहिला, तरी डॉक्टरांना विचारावं. घरच्यांना सांगू नका हवं तर, पण आम्हाला सांगा.

उलटा घोटाळाही होतो. इंजेक्शननंतर काही आठवडे कूम्ब्स पॉझिटिव्ह येऊ शकते. ती टोचलेलीच प्रतिपिंडं असतात. रिपोर्ट हातात आला की घरात रडारड. फॉर्मवर इंजेक्शनची तारीख लिहून पाठवा, असं मी दवाखान्यांना सांगत असतो. लिहितात मोजकेच.