गुन्हेगाराचे बालपण

रात्रीची जेवणे आटोपली की दूरदर्शन संचासमोर जमणारे कुटुंब हे दृश्य ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आपल्या घरांना नवे नाही. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ‘सीआयडी’ ही मालिका ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली, तोवर तिचे दीड हजारांहून अधिक भाग होऊन गेले होते. २१ डिसेंबर २०२४ रोजी ती पुन्हा अवतरली. बालपणी जे आईवडिलांच्या शेजारी बसून ती पाहत, ते आता आपल्या मुलांना शेजारी घेऊन पाहू लागले. शिवाजी साटम या आपल्या मराठी नटाने उभा केलेला एसीपी प्रद्युम्न, एका लाथेत दरवाजा मोडणारा दया, प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे ही माणसे अनेक घरांत आप्तांसारखीच झाली आहेत.

या नव्या पर्वातील काही भाग आम्हीही पाहिले. अभिजीतने जिवलग मित्र दयावर गोळी झाडावी, इथून कथानकास प्रारंभ झाला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये, ऐन प्रायश्चित्तकाळात, बार्बोसा नावाच्या खलनायकाने घडविलेल्या स्फोटात प्रद्युम्नचा अंत दाखविण्यात आला. वाहिनीने खऱ्याखुऱ्या माणसाला वाहावी तशी श्रद्धांजली वाहिली, प्रेक्षक हळहळले, आणि पुढे प्रद्युम्न पुन्हा पडद्यावर हजर झाला! खलनायकासाठी निवडलेले नाव आपल्या समाजातले आहे, हेही आपल्यापैकी काहींना खुपले असेल. परंतु आम्हाला खटकले ते निराळेच. या मालिकेतील बहुतेक गुन्हेगारांना नाव असते, हेतू असतो. बालपण मात्र नसते. तो पकडला जातो, त्याच्या कानशिलात बसते, आता तुला फाशीच होणार असे त्याला बजावले जाते, आणि आपण समाधानाने झोपी जातो.

हेच दूरदर्शन संच, किंबहुना हातातले मोबाईल, तरुण पिढीला दुसरेही काही दाखवितात. डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या पडद्यात रमलेली आपली मुले आम्ही पाहतो. त्यांच्यापैकी काहींच्या आग्रहावरून आम्ही ‘गॉथम’ ही अमेरिकी मालिका पाहिली. २०१४ ते २०१९ या काळात तिचे शंभर भाग झाले. १९३९ साली चित्रकथेत जन्मलेल्या बॅटमॅन या सुपरहिरोची ही पूर्वकथा. गंमत अशी, की तिच्यात बॅटमॅन जवळजवळ नाहीच. आहे तो ब्रूस नावाचा एक पोरका मुलगा. पहिल्याच भागात त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांची हत्या होते, आणि जिम गॉर्डन हा तरुण पोलीस अधिकारी मारेकरी शोधून काढण्याचे वचन त्याला देतो. उरलेली कथा आहे ती पुढे कुख्यात होणाऱ्या गुन्हेगारांच्या घडणीची.

त्यांतील एकाची घडण आमच्या मनातून जात नाही. एडवर्ड निग्मा हा पोलीस खात्यातला शास्त्रीय तपासनीस, म्हणजे गॉथमचा डॉ. साळुंखेच म्हणा ना. लाजरा, कोडी घालण्याचा नाद असलेला, सहकाऱ्यांच्या हेटाळणीचा विषय. ज्या स्त्रीवर त्याचे मन जडते तिला तिचा मित्र मारहाण करतो. निग्मा त्याला जाब विचारावयास जातो आणि त्याच्या हातून खून होतो. पाहणाऱ्याला क्षणभर वाटून जाते, बरेच झाले! परंतु तो खून पचला आणि पुढचा मार्ग उतरणीचा झाला. काही काळाने त्याच हातांनी त्या स्त्रीचाही जीव जातो. पापाची वाट एका पावलाची नसते आणि पहिले पाऊल पुष्कळदा न्याय्य भासते, हे आम्ही प्रवचनातून वर्षानुवर्षे सांगत आलो. या मालिकेने ते दाखविले, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

हा प्रश्न आम्हाला केवळ पडद्यावरचा वाटत नाही. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामातील एका तरुणाला गंभीर आरोपाखाली अटक झाली. पुढच्या बाकावर बसणारी त्याची आई त्यानंतर मागच्या खांबाआड बसू लागली. मिस्सा संपताच, कोणी बोलण्याआधी, ती निघून जाई. एकदा तिने आम्हाला विचारले, ‘फादर, तो असा का झाला? माझे कुठे चुकले?’ गुन्हेगाराला बालपण असते हे त्या माउलीला कोणा मालिकेने शिकवावयाचे नव्हते; त्याला तिनेच न्हाऊमाखू घातले होते.

तथापि पूर्वकथेतही एक धोका दडलेला आहे. घर वाईट, शहर सडलेले, समाज निर्दय. मग बिचाऱ्याने दुसरे काय करावे, असे म्हणण्याची सवय मनाला लागते. खुद्द गॉर्डन, जो नीतीची पताका घेऊन निघाला, तोही पुढे एका कपटी नगरश्रेष्ठीला कायद्याबाहेर गोळी घालतो. आणि त्याची कारणे आपल्याला इतकी नीट समजावून दिलेली असतात, की आपण मान डोलावतो. पवित्र शास्त्रातील काईनालाही कारण होते: त्याचे अर्पण स्वीकारले गेले नव्हते. परमेश्वराने त्याचा राग जाणला, पण हाबेलाच्या रक्ताचा जाब विचारल्यावाचून त्याला सोडले नाही. आणि जाब विचारल्यावर त्याला कोणी ठार मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. समजून घेणे, जाब विचारणे आणि जीव राखणे ही तिन्ही कामे तेथे एकाच वेळी होतात.

जीव राखण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. फाशी हा शब्द ठाणेकरांनी केवळ मालिकेत ऐकलेला नाही. पोर्तुगीजांनी उभारावयास घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांच्या हाती आलेला ठाण्याचा किल्ला पुढे तुरुंग झाला, आणि त्याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे या अवघ्या अठरा वर्षांच्या देशभक्ताला त्याच्या दोन साथीदारांसह इंग्रजांनी फासावर चढविले. फास आवळला जातो तो एका आईच्या मुलाच्या गळ्याभोवती, ही आठवण त्या भिंती देत राहतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणुकीत बदल जाहीर करून देहदंड अग्राह्य ठरविला. गुन्हा कितीही भीषण असो, माणसाची प्रतिष्ठा त्याने नष्ट होत नाही, हे त्यामागचे कारण. आपण मात्र मुलांना मांडीवर घेऊन फाशीच्या वाक्यावर टाळी देतो.

मालिकेचा शेवट जेथे होतो, तेथून पुढेही कथा असते. १९०२ साली इटलीत अलेस्सांद्रो सेरेनेल्ली या तरुणाने अकरा वर्षांच्या मारिया गोरेत्तीचा भोसकून खून केला. त्याचे घर, त्याची संगत यांविषयी पुष्कळ सांगता येईल. त्याने गुन्हा हलका होत नाही. सत्तावीस वर्षे त्याने तुरुंगात काढली. सुटल्यावर तो मारियाच्या आईसमोर उभा राहिला आणि त्याने क्षमा मागितली. मरताना मुलीने त्याला क्षमा केली होती, आईनेही केली. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने कपुचिन मठाच्या आश्रयाने कष्ट करीत घालविली. १९५० साली मारियाला संतपद देण्यात आले. मारेकऱ्याचा उल्लेख केल्यावाचून तिचे चरित्र आज कोणी सांगत नाही.

आणि कालवारीवरचा तो चोर! संत लूकने त्याची पूर्वकथा एका ओळीनेही सांगितलेली नाही. तो कोणत्या घरात वाढला, कोणी त्याला बिघडविले, काही नाही. त्याने परिस्थितीला दोष दिला नाही. आपली शिक्षा आपल्या कर्माचीच आहे असे म्हणून शेजारच्या क्रुसाकडे मान वळविली, आणि नंदनवनाचे वचन त्याला मिळाले. पापनिवेदनास येणाऱ्याकडून ख्रिस्तसभा एवढेच मागते.

वाचकहो, मुलांपुढचा पडदा बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या शेजारी बसा. गुन्हेगार पकडला गेला की विचारा: हा असा कसा झाला असेल? त्याने कोणत्या वळणावर थांबावयास हवे होते? आणि तो सुटून आला तर आपल्या इमारतीत त्याला खोली मिळेल का? कल्याणच्या आधारवाडी तुरुंगाचे दार आपल्यापासून दूर नाही. त्या दारातून बाहेर पडणारा एखादा रविवारी आपल्या मंदिरात येईल, आणि त्याची आई खांबाआडून पाहत असेल, की त्याच्या बाकावर शेजारी कोण सरकून बसते.