मैना कोण होती? : एका छक्कडीचा अर्थ आणि लालबावट्याचे शाहीर

मराठी शाहिरीत गाण्यात दडलेला अर्थ आणि गाणाऱ्यांमधली चुरस या दोन गोष्टी मुळापासून एकमेकींना बांधलेल्या आहेत. शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले समोरासमोर उभे राहत, तेव्हा एका फडाने गाण्यातून घातलेले कोडे दुसऱ्या फडाने गाण्यातूनच उलगडून दाखवायचे असे. असा गूढार्थ पोटात ठेवून केलेल्या रचनेला भेदिक म्हणत, आणि तो भेद ज्याला उकलता येत नसे त्याला भर सभेत हार पत्करावी लागे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अण्णाभाऊ साठे यांनी रचलेली आणि बार्शीच्या अमर शेख यांच्या आवाजाने घरोघर पोचलेली ‘माझी मैना’ ही छक्कड या परंपरेच्या प्रकाशात वाचली, तर तिच्याविषयी रूढ झालेल्या काही समजुती तपासून घ्याव्या लागतात. मैना म्हणजे बायको की महाराष्ट्र, हा प्रश्न आजही एखादे कोडे असल्यासारखा विचारला जातो. वास्तविक कवीने ते उत्तर रचनेतच दिलेले आहे आणि ते झाकले गेले आहे ते गाणाऱ्यांच्या व ऐकणाऱ्यांच्या सवयीने.

अमर शेख यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1916 रोजी बार्शीत एका गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शी हे त्या काळी धान्य-कापसाच्या पेठेचे आणि गिरण्यांचे गाव होते, 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांनी ते मोठ्या लोहमार्गाला जोडलेले होते, आणि तालुक्याच्या शिवेला लागूनच निजामाचा मुलूख असल्याने एकच बोली बोलणारी माणसे दोन राज्यांत विभागलेली असणे म्हणजे काय, हे तिथल्या मुलाला कोणी वेगळे शिकवण्याची गरज नव्हती. आई मुनेरबी यांच्याकडून लोकगीतांचा वारसा, मोटारीवरची क्लीनरकी, गिरणीतली मजुरी, कामगारांच्या लढ्यामुळे वाट्याला आलेला विसापूरचा तुरुंग आणि त्यानंतर कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओतली नोकरी असा त्यांचा प्रवास आहे. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना त्या स्टुडिओतच मिळाले आणि ते इतके पक्के झाले की पुढे त्यांची कन्या, कवयित्री मलिका यांनी तेच आपल्या नावापुढे लावले.

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी मातंग समाजात झाला. शाळेची पायरी जवळपास न चढलेला हा मुलगा मुंबईत आला, गिरणीत राबला, कामगार वस्तीतल्या कम्युनिस्ट चळवळीत वाढला आणि ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ लिहून शाहीर म्हणून पुढे आला. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी 1944 च्या सुमारास लालबावटा कलापथक उभे केले. कलापथक म्हणजे ठरावीक विचार लोकांपर्यंत नेण्यासाठी बांधलेला गाणाऱ्या-नाचणाऱ्या-अभिनय करणाऱ्यांचा ताफा. त्याची रचना मात्र जुन्या तमाशाच्या फडावरच बेतलेली होती. फडात मुख्य शाहीर असतो, त्याची ओळ उचलून धरणारे सुरते किंवा झीलकरी असतात, ढोलकी, तुणतुणे, डफ आणि झांज असते. तमाशाच्या आरंभी होणारा गण, म्हणजे गणपतीचे स्तवन, अण्णाभाऊंनी बदलून तिथे मायभूमीला आणि श्रमिकांना वंदन आणले, कृष्ण आणि गवळणींच्या संवादाची गवळण गाळली, बतावणी आणि वग मात्र ठेवले, कारण प्रश्न विचारण्याची आणि कथा सांगण्याची सोय त्यांतच होती. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना तमाशावर बंदी आली, तेव्हा याच प्रकाराला अण्णाभाऊंनी ‘लोकनाट्य’ म्हटले आणि ते नाव टिकले.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळता येईल. छक्कड ही लावणीच्या कुळातली, चढ्या लयीत म्हटली जाणारी आणि एकाच यमकाची साखळी दूरवर ओढत नेणारी रचना असते. ‘माझी मैना’मध्ये बोलणारा पुरुष आहे, आणि हाच तिचा पहिला वेगळेपणा आहे, कारण विरहाच्या लावणीत झुरणारी सहसा स्त्री असते आणि परमुलखी गेलेला पुरुष मुका असतो, तर येथे परमुलखी गेलेलाच बोलतो आहे. गव्हाळ रंगाची, गुणाची बायको गावी आहे, गरिबीने दोघांची ताटातूट केली आहे, भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून ती त्याला वाटेला लावायला निघाली आहे, आणि तिची समजूत काढण्यासाठी तो एकेका दागिन्याचे वचन देतो आहे. दागिन्यांची ही नामावळी जुन्या लावणीत शृंगारासाठी येते. येथे ज्याच्या खिशात दमडी नाही त्याच्या तोंडी ती आल्याने तिचा अर्थ पालटतो, आणि तिला तो भुलावा कळल्याचे कवी अगदी थोडक्या शब्दांत सांगतो.

दुसऱ्या भागात मुंबई येते. पठ्ठे बापूराव यांनी आपल्या मुंबईवरच्या लावणीत या शहराच्या वैभवाचे वर्णन केले होते. अण्णाभाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहिताना मलबार हिल आणि परळ शेजारी-शेजारी ठेवून त्या वर्णनाला उत्तर दिले होते. तीच दृष्टी येथेही आहे. यंत्रे, मोटारी, तलम साड्या, माडीवर माडी यांची झरझर यादी होते आणि त्या गर्दीत बेकारांमध्ये आणखी एकाची भर पडते, ज्याच्याजवळ भर पावसात साधी छत्रीही नाही. लावणीतला भरजरी तपशील आणि मजुराचे हे उघडे डोके ज्या सहजतेने एकाच लयीत बसवले आहे, ती या कवीची खरी कारागिरी आहे, आणि रचनेच्या राजकीय अर्थाची चर्चा करताना तिच्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

तिसऱ्या भागात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहते. भाषावार प्रांतरचनेत मुंबईसह सर्व मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे या मागणीचा तो लढा. 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनला झालेला गोळीबार, 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती आणि 1 मे 1960 रोजी झालेली राज्यस्थापना हे त्याचे टप्पे. अण्णाभाऊ रामायणाचा आधार घेतात, इंद्रजित आणि रावण यांच्या गर्वाची जी गत झाली तीच या मागणीला विरोध करणारे काँग्रेस नेते मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची झाली असे म्हणतात, परळ, लालबाग आणि फाउंटन यांची नावे घेतात आणि विजयाची गुढी उभारतात. येथे रचना संपली असती तर ती एक उत्तम विजयगीत ठरली असती. पण त्यानंतर शाहीर म्हणतो की अंतरीची तगमग काही थांबली नाही, गावाकडे राहिलेल्या मैनेची भेट नाही, आणि खंडित महाराष्ट्राचीही तीच गत झाली आहे. पुढे तो बेळगाव, कारवार, डांग आणि उंबरगाव या चार ठिकाणांची नावे घेतो. भेदिकाचा भेद येथे कवीनेच फोडला आहे. उपमेय आणि उपमान त्याने स्वतःच शेजारी आणून ठेवले आहेत.

ही चार नावे काळाच्या दृष्टीनेही बोलकी आहेत. बेळगाव आणि कारवार 1 नोव्हेंबर 1956 रोजी म्हैसूर राज्यात गेले; डांग आणि उंबरगाव मात्र द्विभाषिक मुंबई राज्यातच होते आणि ते गुजरातच्या वाट्याला गेले ते राज्याचे विभाजन झाल्यावर, 1 मे 1960 रोजी. त्यामुळे रचनेचा निदान हा शेवटचा भाग आज ज्या रूपात आहे, तो विजय हाती आल्यानंतरचा किंवा विजयाची अट उघड झाल्यानंतरचा असला पाहिजे. चळवळ पेटवणारे गाणे म्हणून तिची जी ओळख सांगितली जाते ती अपुरी आहे. शाहिरी रचना सभागणिक वाढत आणि बदलत असते, तेव्हा आधीचा भाग आधी म्हटला गेला असेल. पण पूर्ण रचना ही जिंकल्यानंतरही जे हरवले त्याची आठवण ठेवणारी आहे, आणि सारा महाराष्ट्र गुढ्या उभारत असताना असे गाणे लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती.

असे असूनही लोकांच्या ओठांवर राहिले ते धृपद आणि पहिला भाग. मंचावर वेळ कमी म्हणून शेवट कापला जातो, आणि मग मैना केवळ बायको उरते. असे जगभर घडते. अमेरिकेचा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याचे 1984 मधले ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे व्हिएतनामहून परतलेल्या बेकार सैनिकाचे दुःख सांगणारे गाणे असूनही, धृपदाच्या गजरामुळे देशाभिमानाचे गाणे म्हणून मिरवले गेले. धृपद हे स्मरणासाठी असते आणि अर्थ कडव्यांत असतो, हा फरक सुटला की गाणे उलटे वाचले जाते.

येथे कलापथकातल्या ताणाचा विचार करणे आवश्यक ठरते, कारण अर्थ कोणाचा हा प्रश्न गाणे कोणाचे या प्रश्नापासून तुटत नाही. पेशवाईतल्या शाहिरांनी त्यावर एक तोडगा काढलेला दिसतो. होनाजी रचत असे आणि बाळा गात असे, आणि नाममुद्रेत, म्हणजे रचनेच्या अखेरीस कर्त्याचे नाव गुंफण्याच्या जागेत, दोघांची नावे अशी जोडून आली की आज होनाजी-बाळा हे अनेकांना एकच नाव वाटते. लिव्हरपूलच्या बीटल्समधल्या लेनन आणि मॅकार्टनी यांनीही कोणीही लिहिले तरी दोघांचे नाव लावायचे असे ठरवले होते. तरी 1970 मध्ये तो ताफा मोडलाच. लालबावट्यात अशी जोडमुद्रा नव्हती. ‘माझी मैना’मध्ये एकट्या अण्णाभाऊंचे नाव येते, आणि सभेत लाखांच्या कानांवर ती पडते ती अमर शेख यांच्या पहाडी आवाजात. लेखणी एकाची आणि गळा दुसऱ्याचा अशा रचनेत, ऐकणारा गाण्याला गाणाऱ्याच्या नावाने ओळखतो आणि छापील पुस्तक लिहिणाऱ्याच्या नावाने. दोन्ही ओळखी खऱ्या असतात आणि दोन्ही अपुऱ्या.

त्यातही अमर शेख हे केवळ गाते शाहीर नव्हते. ‘अमरगीत’, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक आहे, आणि आचार्य अत्रे यांनी रशियन क्रांतिकवीच्या नावावरून त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले, ते कवी म्हणूनच. स्वतः कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याची रचना आपल्या छातीत भरून घेऊन गावी, यात औदार्य आहे तसा ताणही आहे. त्याच वेळी दुसरा ताण पक्षाचा होता. 1948 नंतर कम्युनिस्ट पक्षाने घेतलेली जहाल भूमिका, त्यामागोमाग आलेली धरपकड आणि कार्यक्रमांवरची बंदी यांत कलावंताने पक्षाचे किती ऐकायचे हा प्रश्न प्रत्येक कलापथकापुढे होता. पुढे अमर शेख यांनी स्वतःचे कलापथक चालवले, ‘प्रपंच’सारख्या चित्रपटात काम केले, अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे वळले आणि 1959 मध्ये त्यांची ‘फकिरा’ आली. गवाणकरांचे नाव या दोघांच्या प्रकाशात मागे पडले, आणि तो अन्याय अभ्यासकांनी अजून पुरता दूर केलेला नाही.

या फारकतीकडे कोणाचे चुकले या दृष्टीने पाहण्यात फारसे हशील नाही. वाटेगावचा मातंग, बार्शीचा मुसलमान आणि त्यांचा तिसरा सोबती अशी फळी एका डफावर उभी राहिली, हे त्या काळाच्या चळवळीचे यश होते, आणि ती फळी कायम राहिली नाही हे तीन समर्थ कलावंत एका मंचावर फार काळ मावत नाहीत याचे लक्षण होते. ‘माझी मैना’च्या अखेरीस अण्णाभाऊ बेकीची चीड आणि एकीची गरज बोलून दाखवतात, आणि त्याआधी मी-तूपणाचे घर बुडाल्याचेही सांगतात. हे शब्द राजकारणाला उद्देशून आहेत हे निःसंशय; परंतु वेगळ्या वाटांनी निघालेल्या सोबत्याने ते आपल्या आवाजात म्हणावेत, यामुळे त्यांना जे वजन येते ते निव्वळ छापील मजकुरात येत नाही. गाण्याचा दडलेला अर्थ कुठे असेलच तर तो येथे आहे.

अण्णाभाऊ साठे यांचे 18 जुलै 1969 रोजी निधन झाले आणि त्यानंतर अवघ्या 42 दिवसांनी, 29 ऑगस्ट 1969 रोजी, अमर शेख अपघातात गेले. बेळगाव-कारवारचा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता आणि आजही तो न्यायालयात आहे. बार्शीत, वाटेगावात किंवा मुंबईत जो कोणी शाहीर यापुढे ‘माझी मैना’ गाईल, त्याने ती उंबरगावच्या नावापर्यंत पूर्ण गावी, आणि सुरुवातीला लिहिणाऱ्याचे व गाणाऱ्याचे, दोघांचेही नाव घ्यावे.