नक्कल कशाची मागायची?

उर्दू वाचता येतं म्हणून जुन्नर-आंबेगावकडच्या बायाबापड्या निकाहनामा घेऊन माझ्याकडे येतात. मेहर किती, साक्षीदार कोण, हे वाचून झालं की प्रश्न येतो, "सर, तलाकचा कागद कोर्टात मिळेल ना?"

तोंडी तलाक कोर्टात नोंदलेलाच नसतो, मग नक्कल कशाची मिळणार? पोटगीचा अर्ज केला असेल तर मात्र कागद असतात. तेही पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात नव्हे. अर्ज जुन्नरला किंवा घोडेगावला चालला असेल तर नक्कल तिथेच मागायची. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव सापडत नसेल तर स्पेलिंग बदलून बघा. इंग्रजीत 'शेख' तीन-चार तऱ्हांनी लिहितात.

एका ताईंच्या नकलेत नवऱ्याचं म्हणणं होतं, 'मी हिला तलाक दिला आहे.' तेवढ्या ओळीवर त्या सहा वर्षं स्वतःला तलाकशुदा समजत होत्या आणि पोटगीचा विषयही सोडून दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात 2002 सालीच सांगितलंय, नुसतं कैफियतीत लिहून तलाक होत नाही, तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो. शिवाय तलाक झाला तरी पोटगीचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

बाईने 1939 च्या कायद्याने स्वतः फारकत मिळवली असेल, तर हुकूमनाम्याची नक्कल मागावी.

कागद हाती आला की आधी बघा, हे म्हणणं कुणाचं? नवऱ्याचं की न्यायाधीशांचं?