नवरी आलीच नाही

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी ७ वाजता नवरी तयार व्हायला येणार होती. मी आणि माझी मदतनीस मुलगी ६ वाजताच पार्लर उघडून बसलो. आठ वाजले, नऊ वाजले. फोन कुणी उचलेना. साडेनऊला नवरीची मावशी बोलली, "अहो, तिला मैत्रिणीनंच घरी तयार केलं. आम्ही हॉलवर निघालोसुद्धा!"

भगिनींनो, आमची कमाई रविवारची. आपल्याकडे मुहूर्त बघत नाहीत, सगळ्यांना सुट्टी म्हणून रविवार धरतात. एकेका रविवारसाठी तिघी-चौघी विचारून जातात. त्या नवरीसाठी मी दोघींना नाही म्हटलं होतं.

पुढे निम्मे पैसे मागितले, तर उत्तर आलं, "काम केलंच नाही, मग पैसे कसले? आणि ताई, तुम्ही तर आपल्यातल्याच!" हा शब्द मला फार लागला. बाजारातल्या मोठ्या पार्लरमध्ये हीच माणसं आधी पैसे मोजतात. मदतनीस मुलीचा ५०० रुपये रोज मी पदरचा दिला. तीही आपल्यातलीच की!

पैसे बुडाले ते बुडालेच. भांडून वस्तीत तोंड कुठं लपवायचं? पण खरं सांगायचं तर चूक माझीही होती. सगळं तोंडी, इसार घेतलेला नाही. ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, करारात दंडाचा वाटेल तो आकडा लिहून भागत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा.

तेव्हापासून एक तृतीयांश इसार घेते. आठ दिवस आधी कळवलं तर सगळा परत, नंतर कळवलं तर निम्मा, न कळवता आली नाही तर काही नाही. हे वहीत लिहून, मोठ्यानं वाचून दाखवून सही घेते. वाचून दाखवताना पहिल्यांदा माझाच आवाज कापत होता. चार दिवस आधी आठवणीचा निरोपही पाठवते. निम्म्या चुका तिथंच टळतात, कारण काहीजणी खरोखर विसरलेल्या असतात.

डिसेंबरात एका नवरीचे आजोबा लग्नाच्या दोन दिवस आधी वारले. तिचा भाऊ दारात उभा राहिला, इसाराबद्दल एक शब्द बोलेना. मी सगळे पैसे त्याच्या हातात दिले. घरी हे म्हणाले, "मग नियम कशाला केलास?" मी म्हटलं, "त्यांनी कळवलं ना!"

परवा ती मावशी आली. धाकट्या भाचीचं लग्न आहे. मी वही पुढं केली. तिनं सगळं वाचलं, नोटा मोजून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "पावती द्या हं."

मी दिली.