दोन दिनार सुर्ख

आमच्या घरात आजोबांच्या काळची एक पत्र्याची पेटी आहे. शेताचे सातबारे, फेरफाराच्या नकला, जुनी खरेदीखते, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या असे सारे तिच्यात कापडात बांधून ठेवलेले. पावसाळ्यात छत गळू लागले की आधी पेटी हलवायची, मग माणसांनी हलायचे, असा घरचा रिवाज. त्यामुळे कागदपत्रांच्या बाबतीत आपण हुशार आहोत, असा आमचा समज होता. 2023 साली लेकीची कॅनडाची फाइल तयार करायला बसलो आणि हा समज पार मोडला.

आमचे ढाणकी उमरखेड तालुक्यात, विदर्भाच्या अगदी काठावर. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. 1947 पर्यंत नदीच्या अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य. राज्ये गेली, पण सोयरिकी तेव्हाही नदी ओलांडत होत्या आणि आजही ओलांडतात. लेकीची अम्मी पलीकडची, जावईही पलीकडचेच, हदगाव तालुक्यातले. ते 2017 साली शिकायला कॅनडाला गेले, तिथेच नोकरीला लागले आणि पुढे तिथले कायमचे रहिवासी झाले. आता बायकोला तिकडे न्यायचे तर त्यांनी तिच्यासाठी अर्ज करायचा, हमी द्यायची आणि ती खरोखर त्यांची बायको आहे हे दोघांनी मिळून सिद्ध करायचे. गावात याला सगळे 'पीआर' म्हणतात. बाजारात भेटेल तो विचारी, "पोरीची पीआर झाली का?"

जावयांनी मोबाइलवर यादी पाठवली. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, निकाहनामा, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, लग्नाचे फोटो, दोघांतल्या संदेशांची काही पाने आणि वर फॉर्मच फॉर्म. आम्ही उभयतांनी ओसरीत बसून ती वाचून काढली. लेकीची अम्मी म्हणाली, "इत्ते कागद तो खेत के भी नै अपने पास."

पहिली ठेच जन्माच्या दाखल्याला लागली. लेक 1997 साली आजोळी घरातच जन्मली. दाईने नाळ कापली, मामूंनी कानात अजान दिली, गोड वाटले. पण नोंद करायला कोणी गेले नाही. शाळेत घातली तेव्हा जी तारीख सांगितली तीच पुढे चालत राहिली. नोंद नसल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहीर प्रगटन आणि मग न्यायालयाचा आदेश, असा तो रस्ता होता. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद करायला तेव्हा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुधारित कायद्याने हे काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यासाठी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेले. पुढे बांगलादेशींनी खोटे दाखले काढल्याच्या तक्रारी झाल्या आणि जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने असे उशिराचे दाखले देणे काही काळ थांबवले. आमचे काम त्याआधी झाले, म्हणून आम्ही सुटलो. पण ज्यांच्या घरी दाईच्या हातून पाच-पाच लेकरे झाली आणि एकाचीही नोंद नाही, अशा आयाबायांचे काय, हा विचार रात्री झोपू देत नाही. संशय घेणारे घेतातच. पण दोन मैलांवरच्या ग्रामपंचायतीत जायचा आळस तर आमचाच होता.

दुसरी ठेच नावाची. फॉर्ममध्ये आईबापांची पूर्ण नावे, जन्मतारीख आणि जन्मगाव विचारले होते. लेकीच्या अम्मीचे नाव रेशनकार्डावर 'बी' लावून, मतदार यादीत 'बेगम' लावून आणि लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर 'परवीन' लावून. तिन्ही ठिकाणी लिहिणारे वेगळे आणि सांगणारे मात्र आम्हीच. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "अम्मा बोलती थी, उस साल बारिश बहुत पडी थी." आम्ही हसलो, मग गप्प झालो. कारण आमच्या शेताचा गट नंबर, आकार, चतुःसीमा आम्हाला तोंडपाठ आहेत. ज्या बाईबरोबर 29 वर्षे काढली, तिचे नाव कोणत्या कागदावर कसे आहे हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हते.

लग्नाचा दाखला तसा सोपा गेला. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने विवाह नोंदणी होते. 'नमुना ड' भरायचा, नवरा-नवरीच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या, निकाह पढवणाऱ्या काजी साहेबांची सही, की 'नमुना इ'मध्ये प्रमाणपत्र मिळते. सर्वोच्च न्यायालयानेही 2006 साली सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी असे सांगितले आहे. पण आमच्याकडे परदेशाचे काम निघाल्याशिवाय कोणी ती करत नाही. काजी साहेबांच्या रजिस्टरात नाव आले की झाले, अशी समजूत.

खरी धास्ती फोटोंची होती. सोयरीक 2021 मध्ये ठरली तेव्हा कोरोनामुळे जावयांचे येणे होईना. काही नातलग म्हणाले, फोनवर निकाह उरकून टाका, वकील नेमून तसा निकाह होतो. आम्ही थांबलो, ते अल्लाहच्या मेहरबानीने बरे झाले. कारण ज्या लग्नात नवरा किंवा नवरी स्वतः हजर नव्हती, असे फोनवरचे, इंटरनेटवरचे वा प्रतिनिधीमार्फतचे लग्न कॅनडा सरकार 11 जून 2015 पासून या कामासाठी धरत नाही. निकाह झाला डिसेंबर 2022 मध्ये, ढाणकीतच. पण आपल्या निकाहची रीत काय? नवरदेव मशिदीत पुरुषांत, नवरी घरी बायकांत. वकील आणि दोन गवाह घरात येतात, तिची मंजुरी घेतात, सही घेतात, मग मशिदीत काजी साहेब खुतबा पढतात आणि नवरदेव 'कुबूल' म्हणतो. त्या घडीचा दोघांचा एकत्र फोटो येणार कुठून? मशिदीतल्या फोटोंत नवरी नाही आणि घरातल्या फोटोंत नवरदेव नाही. तिकडचा साहेब म्हणेल, ही दोन वेगवेगळी लग्ने दिसतात!

शेवटी एक कागद लिहून जोडला. आमच्यात निकाह असा होतो, दोघेही त्या दिवशी त्याच गावात हजर होते, हे त्यात साध्या शब्दांत मांडले. सोबत वलीम्याचे फोटो लावले. फॉर्ममध्ये असाही प्रश्न होता की हे लग्न इतरांनी जमवले का, आणि कोणी? लेकीने लिहिले : माझ्या फूफूने. फूफूला हे कळल्यावर तिने महिनाभर गल्लीत सांगितले, की माझे नाव कॅनडाच्या सरकारपर्यंत गेले.

मग निकाहनामा. तो उर्दूत. इंग्रजी भाषांतर हवे, आणि ते घरच्या माणसाने केलेले चालत नाही. आमचे शिक्षण मराठी शाळेतले, उर्दू मौलवी साहेबांकडे शिकलो तेवढी. त्यामुळे तसाही प्रश्न नव्हता. नांदेडला एक भाषांतरकार मिळाले. त्यांनी वाचता वाचता चष्मा वर केला आणि विचारले, "यह 'दो दीनार सुर्ख' का क्या लिखूं? टू रेड दिनार? वो लोग पूछेंगे, लाल पैसा कौनसा?"

आमच्या भागातल्या निकाहनाम्यांत महरच्या रकमेपुढे हे शब्द असतात, 'अधिक दोन दिनार सुर्ख'. आम्ही ते लहानपणापासून प्रत्येक निकाहमध्ये ऐकत आलो. बँडच्या आवाजासारखे ते कानावरून जातात. सुर्ख म्हणजे लाल, म्हणजे इथे खरे सोने. दिनार म्हणजे सोन्याचे नाणे, वजन सुमारे सव्वाचार ग्रॅम. उलेमांच्या हिशेबात थोडे इकडेतिकडे. दोन दिनार म्हणजे साडेआठ ग्रॅमच्या आसपास सोने.

त्यांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. "महर मुअज्जल लिखा है. ऐन वाला या हमजा वाला?" मराठीत लिहिले तर दोन्ही शब्द सारखेच, 'मुअज्जल'. आपल्या बोलण्यातही सारखेच. पण उर्दू लिपीत एक ऐनने लिहितात, त्याचा अर्थ ताबडतोब द्यायचा महर. दुसरा हमजाने, त्याचा अर्थ मागाहून द्यायचा महर. एका अक्षरात रोख आणि उधार बदलते. लेकीच्या निकाहनाम्यात ऐन होता. जावयांनी महर त्याच दिवशी चुकता केला होता, हे आम्ही अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, "माशाअल्लाह. अच्छा किया. बहुत लोग नहीं देते."

परत येताना बसमध्ये आम्ही गप्प होतो. लेकीच्या अम्मीने विचारले, "तबेत खराब है क्या?" आम्ही नुसती मान हलवली.

त्या रात्री पेटी उघडली. सगळे सातबारे बाजूला काढले तेव्हा तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत आमचा निकाहनामा सापडला. 1994 चा. शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होते. महर अकराशे रुपये, अधिक दोन दिनार सुर्ख. मुअज्जल, हमजाने.

आम्ही तो कधीच दिला नव्हता. नाकारला नव्हता; विचारही केला नव्हता. निकाहच्या वेळी सोने दहा ग्रॅमला पाच हजारांच्या आत होते. पुढे कापसाचे पैसे आले, हळदीचे आले, एकदा तर शेजारचे दीड एकर घेतले. त्या वेळी लेकीच्या अम्मीने हातातल्या बांगड्याही काढून दिल्या होत्या. त्या बांगड्यांचा हिशेब आम्हाला आठवत होता, महरचा नाही.

महर म्हणजे कर्ज, हे आपल्याला माहीत नाही असे नाही. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत बायकांचे महर खुशीने द्यायला सांगितले आहे. नवरा वारला तर वारसांच्या वाटण्या होण्याआधी हे कर्ज फेडायचे, हे शरीअतही सांगते आणि आपल्याकडची न्यायालयेही मानतात. पण आपल्या समाजात काय होते? जनाजा उठायच्या वेळी म्हाताऱ्या बायका बेवेला पुढे आणतात आणि म्हणतात, "महर बख्श दे, बेटी." ती रडत रडत 'बख्शा' म्हणते. त्या घडीला दुसरे काय म्हणणार? माफी मागायची तिच्याकडे आणि तिला बोलायची सोयही ठेवायची नाही. आमच्या अम्मांनीही असाच महर बख्शला होता. आम्ही तिथे उभे होतो.

कॅनडाच्या फॉर्ममध्ये जावयांकडून एक हमीपत्र घेतले आहे. बायको तिथली कायमची रहिवासी झाली की त्या दिवसापासून तीन वर्षे तिच्या खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची, राहण्याची जबाबदारी नवऱ्याची. मध्येच तलाक झाला तरी ही हमी सुटत नाही. वाचून आम्हाला वाटले, या परक्या सरकारला आमच्या लेकीची केवढी काळजी! मग लक्षात आले की अशीच लेखी हमी आमच्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असे सूरह बकराच्या 282 व्या आयतीत सांगितले आहे. कुरआनातली ती सर्वांत लांब आयत. आम्ही महर लिहिला खरा, पण लिहून पेटीच्या तळाशी ठेवला. तिकडच्या साहेबाने नवरा-बायकोच्या नात्याचा पुरावा मागितला तेव्हा आम्हाला राग आला होता, की आमच्या निकाहवर शंका घेणारे हे कोण? पण हाच पुरावा कोणी आमच्याकडे मागितला असता तर आम्ही काय दाखवले असते? फोटो?

त्या दिवसांत सोने दहा ग्रॅमला साठ हजारांच्या घरात होते. दोन दिनारांचे पन्नास हजारांवर जात होते. हळदीचे पैसे आले तसे उमरखेडला जाऊन सोन्याची दोन नाणी घेतली, वजन थोडे वरच धरले. अकराशे रुपये वेगळ्या पाकिटात घातले. अकराशेची किंमत आता काय राहिली, याची शरम वाटली. पण कागदावर जे होते ते तसेच द्यावे असे ठरवले.

इशाच्या नमाजनंतर तिच्यापुढे ठेवले. आधी तिला कळलेच नाही. कळल्यावर ती बराच वेळ नाण्यांकडे पाहत बसली. आम्ही म्हणालो, "देर हो गई. माफ करना." ती म्हणाली, "ब्याज हराम है, नै तो उनतीस साल का मांगती थी." लेक हसली. मग तीच म्हणाली, "लेकिन ऐसा नै लेती मैं. लिख के लो मेरे से, की मिला."

लेकीने वहीचे पान फाडले आणि मराठीत पावती लिहिली. नाव लिहायची वेळ आली तेव्हा थांबून तिने विचारले, "अम्मी, कौनसा लिखूं? बी, बेगम, के परवीन?"

अम्मीने थोडा विचार केला. मग शाळेत चौथीपर्यंत हजेरीपटावर जे नाव होते ते सांगितले. त्यात बी नव्हते, बेगम नव्हते आणि परवीनही नव्हते. ते नाव आम्ही 29 वर्षांत पहिल्यांदा ऐकले. त्यावर तिने सही केली, अक्षर लावत लावत.

पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेतून त्या नावाचा दाखला आणला. गॅझेट, प्रतिज्ञापत्र, सगळे सोपस्कार करून तेच नाव सगळीकडे लावायचे काम सुरू केले. ते अजून पुरे झालेले नाही. लेकीची फाइल गेली, तिच्या बोटांचे ठसे झाले, डॉक्टरी तपासणी झाली आणि 2024 मध्ये मंजुरी येऊन ती गेली. जाताना तिच्या बॅगेत निकाहनाम्याची एक प्रत होती. मूळ निकाहनामा पेटीत आहे. आमचाही आहे, आणि त्याला टाचलेली वहीच्या पानावरची पावतीही. सातबारे आता त्यांच्या खाली ठेवले आहेत.