औंढ्याची कीटक परिषद

परिषद म्हटले की डोळ्यांपुढे मोठे सभागृह, हारतुरे आणि लांबलचक भाषणे येतात. विज्ञान परिषद मात्र वेगळी असते. आपण काय पाहिले आणि कसे पाहिले, हे तेथे सांगायचे असते. मग ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात. कीटकांच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९१० साली ब्रुसेल्स येथे भरली. २०२४ साली ती जपानमधील क्योटो शहरात झाली. आपल्या देशातही नोव्हेंबर १९९३ मध्ये केरळमधील पीची येथील वनसंशोधन संस्थेत जंगलांचे रोग आणि कीटक या विषयावर देशोदेशीचे शास्त्रज्ञ जमले होते. त्याच वर्षी मुलांसाठी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. तिच्यात मुले आपल्या परिसरातील एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करून तो मांडतात.

हाच नमुना समोर ठेवून आम्ही काही शिक्षकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये औंढे येथे जंगलातील कीटकांवर एक दिवसाची छोटी परिषद भरवली. औंढे हे लोणावळ्याजवळचे, मावळ तालुक्यातील गाव. भोवती डोंगर, झाडी आणि भातखाचरे आहेत.

पहिला प्रश्न तारखेचा होता. माणसांच्या परिषदेची तारीख माणसे ठरवतात. कीटकांच्या परिषदेची तारीख कीटक ठरवतात! काजवे, म्हणजे तुमचे जुगनू, मावळात मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला चमकतात. तेव्हा शाळांना सुट्टी असते. जुलैत येथे इतका पाऊस पडतो की जंगलात पाऊल टाकणे कठीण. म्हणून पाऊस ओसरल्यावरचे दिवस निवडले. त्या वेळी सागाच्या पानांवर अळ्या असतात, झाडांवर मुंग्यांची घरटी दिसतात आणि फुलपाखरेही भरपूर असतात.

दुसरा प्रश्न भाषेचा होता. आमच्या शाळेतील मुले उर्दू माध्यमाची. "सर, मराठीत बोलताना मधेच शब्द आठवला नाही तर?" असे त्यांनी विचारले. आम्ही नियम केला. टिपणे उर्दूत काढावीत, बोलावे मराठीत. जो शब्द अडेल तो उर्दूत सांगावा, सभेतील कोणीतरी मराठी शब्द सुचवील. प्रत्येकाला सात मिनिटे बोलायला आणि तीन मिनिटे प्रश्नांना ठरली. सहा मिनिटे झाली की एकदा घंटा, सात झाली की दोनदा. कोळ्यावर लिहिलेला एक निबंध परतही करावा लागला, कारण कोळ्याला आठ पाय असतात, कीटकाला सहा!

परिषदेच्या दिवशी गावातील पंधरा-वीस माणसेही येऊन बसली. त्यांत एक शेतकरी होते. त्यांनी बांधावर सागाची वीस झाडे लावली होती. पुढे मुलीच्या शिक्षणाला उपयोगी पडतील, हा हेतू. पण त्या झाडांची पाने सुकून जाळीदार झाली होती. झाडे तोडून मिळेल ती किंमत घ्यावी की विषारी औषध फवारावे, या विचारात ते होते.

आमच्या नववीतील एका मुलीचा विषयही सागच होता. ती म्हणाली, "सागाची झाडे मरत आहेत. त्यांचे पत्ते... छलनी झाले आहेत."

मागून एक वृद्ध गावकरी म्हणाले, "चाळण! पानांची चाळण झाली म्हन पोरी."

सगळे हसले. तीही हसली आणि पुढे धीटपणे बोलली. आमचे पाहुणे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलेले प्राध्यापक होते. त्यांनी विचारले, "किती झाडे पाहिलीस? पानाचा कोणता भाग खाल्लेला होता?"

तिने वही उघडली. "बारा झाडे, सर. शिरा राहिल्या आहेत, मधला हिरवा भाग गेला आहे."

"छान. मग ती मरत आहेत, हे कशावरून?"

मुलगी गप्प झाली. दुसरी घंटा केव्हाच झाली होती. तेवढ्यात त्या वृद्ध गावकऱ्यांनी हात वर केला. त्यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. मी घंटा बाजूला ठेवली आणि म्हणालो, "बोला, बाबा."

"गुरुजी, ती मरत न्हाईत. भात पिकायला आलं की दरसाली असंच होतं. पानं गळत्यात, पावसाच्या तोंडावर पुन्हा फुटत्यात."

पाहुण्यांनी मान डोलावली. केरळमधील निलांबूरच्या सागवनात के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास त्यांनी सांगितला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. सागाची कोवळी पाने फस्त करणाऱ्या 'हिब्लिया प्युएरा' या पतंगाच्या अळीमुळे कोवळ्या लागवडीत लाकडाची ४४ टक्के वाढ बुडते, असे त्यात आढळले. पानांची जाळी करणारी अळी मात्र वेगळी. तिच्यामुळे वाढीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. "पण प्रत्येक कीटक असा नसतो," असेही त्यांनी बजावले. १९९६ ते १९९८ या काळात मध्य प्रदेशात खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने सालाची लाखो झाडे मारली होती. म्हणून कीटक कोणता, हे आधी ओळखले पाहिजे.

बांधाचे मालक उठले. "ती झाडं केरळची. माझ्या झाडांचं काय?"

त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न हाच होता. त्याचे उत्तर कोणाच्याही भाषणात नव्हते. ते झाडांनाच विचारायला हवे होते. त्यांनी पावसाळ्यापर्यंत थांबायचे कबूल केले. दुपारी मुलांनी वीसही झाडांवर गेरूने क्रमांक घातले. गावातील मुले दर पंधरवड्याला झाडे पाहून वहीत नोंद करू लागली.

परिषदेचा अहवाल आम्ही मराठीत आणि उर्दूत तयार केला. त्या मुलीने आपल्या निबंधाचे पहिले वाक्य स्वतःच बदलले. 'सागाची झाडे मरत आहेत' हे खोडून तिने लिहिले, 'मी बारा झाडे पाहिली. त्यांच्या पानांची चाळण झाली होती.'

जून २०२४ मध्ये गावातील मुलांनी वही पाठवली. वीसपैकी १९ झाडांना नवी, मोठी पाने फुटली होती. एक झाड वाळले होते. त्याचा बुंधा वणव्यात जळालेला होता. बांधावर ना कुऱ्हाड चालली, ना औषध फवारले गेले. शेवटच्या पानावर झाडांच्या मालकांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती : 'पुढची परिषद कधी?'