हाताला कळतं ते

साताऱ्यात पोवई नाक्यावर वडिलांची गाडी उभी होती आणि स्टिअरिंग थरथरू लागलं. हायवेला लागल्यावर थरथर विरली, पेठनाक्याला वेग कमी केला तशी पुन्हा जाणवली. उभ्या गाडीत थरथर, म्हणजे दुखणं इंजिनाकडचं. चाकाचा बॅलन्स गेला असता तर उभ्या गाडीत काहीच कळलं नसतं, भरधाव वेगात स्टिअरिंग हललं असतं.

तेव्हापासून मळ्यातला तांब्या डोळ्यांपुढून हलत नाही. कृष्णाकाठच्या इंजिनखोलीतल्या कोनाड्यात तो असायचा. पंपाचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन सुरू झालं की आतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची. आजोबा खोलीबाहेर उभे राहून नुसत्या तळपायानं ओळखायचे, "फूटव्हॉल्व्हनं पाणी सोडलं बघ." पंप रिकामा फिरला की इंजिनावरचा भार उतरतो, ठोका हलका पडतो.

  

वडिलांची गाडी तीन सिलिंडरची. या रचनेत इंजिन दोन्ही टोकांना डोलू पाहतं. ते डोलणं रबराची माउंटिंगं सोसतात. तो तांब्या त्या गाडीत ठेवला असता तरी वर्तुळं उठली असती.

सांगलीत एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून म्हटलं, "आयडल वाढवून देतो, जाणवायचं नाही." या उपायाचा मला मनापासून राग आहे. थरथर लपते, पेट्रोल जास्त जळतं आणि दुखणं आत तसंच राहतं. प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बिघडून एक सिलिंडर मिसिंग मारत असेल, थ्रॉटलमध्ये कार्बन साचला असेल, माउंटिंग फाटलं असेल. शोधायला नको?

दुसऱ्या गॅरेजातल्या पोरानं स्कॅनर लावला. काही निघालं नाही. मग मला ब्रेक दाबून ठेवायला लावून हलकेच क्लच सोडायला सांगितलं. इंजिन एका अंगाला उचललं गेलं. "माउंटिंग गेलंय." तिथं सेन्सरच नसतो, स्कॅनर काय सांगणार!

बिलात माउंटिंगची किंमत होती, बसवण्याची मजुरी होती. ओळखण्याचे पैसे कुठेच नव्हते. डॉक्टरनं नुसतं तपासलं तरी आपण फी देतो. पार्ट बदलल्याशिवाय पोराला काही मिळणार नसेल, तर नीट तपासायला तो वेळ का घालवेल? चांगला पार्टही बदलायचा मोह त्याला आपणच घालतो. गॅरेजच्या दरफलकावर पहिली ओळ तपासणीची असावी, आणि ती रक्कम आपण घासाघीस न करता द्यावी.